वरीलप्रमाणे

मला शोधून काढलं एका यंत्रानं आणि पकडलं नववीतल्या पोरीनं. यंत्राचं मला काही वाटत नाही. पोरीचं मात्र अजून नवल वाटतं.

ईश्वरी झोरे तिचं नाव. आमच्या आवळेवाडीच्या हायस्कुलात शिकते. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी ती अंगणात येऊन उभी राहिली. कॉलरला शर्टाच्या बटणाएवढा कॅमेरा, हातात पाटीसारखा टॅब, आणि डोळे असे की आता आत घुसून डबेसुद्धा उघडून बघेल.

"शेवंताआक्का, तुमच्यावर फिल्म करायचीय."

मी कुरडया घालत होते. म्हटलं, "माझ्यावर? का गं, मी कुणाचा खून केलाय?"

"स्पर्धा आहे. 'नजरेआडचे शास्त्रज्ञ.' राज्यातल्या सगळ्या शाळांना. ज्यांनी विज्ञानात मोठं काम केलं आणि कुणाला पत्ताच नाही, अशा माणसावर सहा मिनिटांची फिल्म करायची. बाकीच्या शाळांना माणूस शोधावा लागतोय. आमच्या तर गावातच तुम्ही!"

"अगं बाई, मी दहावी पास. तीपण दुसऱ्या खेपेला."

"मग तर नंबरच येणार," ती म्हणाली आणि खुशाल कुरडयांच्या शेजारी मांडी घालून बसली.

माझं काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे घोळ होणार नाही. आमच्या खाली धरण आहे. धरण भरलं तसे आमच्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. भांडी वाजतात, कौलं सरकतात, कधी भिंती फाटतात. सरकारनं वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, एक बोअर मारली आणि तिच्यातलं पाणी रोज मोजायला माणूस ठेवला. तो माणूस मी. सत्तावीस वर्षं. रोज सकाळी सातला वर चढायचं. पोलादी टेपेच्या टोकाला हातभर खडू फासायचा, टेप खुणेपर्यंत बोअरमध्ये सोडायची आणि वर ओढायची. जिथवर खडू भिजला तिथवर पाणी. वजाबाकी करायची, पाणी किती मीटर खाली आहे तो आकडा वहीत लिहायचा. झालं. दोन हजार एकवीस साली बोअरमध्ये स्वयंचलित यंत्र बसलं आणि मी घरी बसले. वह्या गेल्या सरकारी कपाटात, तिथंच सडल्या असत्या.

पण गेल्या वर्षी 'वहीवाचक' नावाचं यंत्र आलं. कुणाचंही, कसलंही अक्षर वाचतं म्हणे, डॉक्टरचंसुद्धा. भूकंपाच्या अभ्यासातल्या मोठ्या बाई आहेत, डॉ. ढमढेरे. त्यांनी माझ्या सत्तावीस वह्या त्या यंत्राच्या पुढ्यात ठेवल्या. यंत्रानं पानं वाचली, डागबिग पुसून स्वच्छ केली, सगळे आकडे एका जागी मांडले, मोठ्या धक्क्यांच्या तारखा शेजारी ठेवल्या आणि त्यातून नियम काढला. ढमढेरे मॅडम मला पेढे घेऊन भेटून गेल्या होत्या. "आक्का, तुमच्या वहीत सोनं सापडलं," म्हणाल्या. कसलं सोनं ते त्यांनी सांगितलं, पण निम्मं इंग्रजीतून. मी मान डोलावली. पेढे चांगले होते.

नियम मला खरा समजावला तो ईश्वरीनं, त्या रविवारी, फिल्मसाठी पाठ केलेलं बोलून दाखवताना.

"चंद्र आणि सूर्य समुद्राला ओढतात तशी भरती येते, बरोबर? तसंच ते जमिनीलाही ओढतात. आपल्याला कळत नाही, पण खडक रोज कणभर ताणला जातो, कणभर दबतो." तिनं माझा भांडी घासायचा ओला स्पंज उचलला आणि दाबला. "खडकाच्या भेगांमध्ये पाणी असतं. खडक दबला की पाणी बोअरमध्ये वर येतं, सैलावला की खाली जातं. बोट-दोन बोटं. रोज. म्हणजे तुमचा आकडा रोज थोडा थोडा बदलायलाच पाहिजे."

"बदलायचाच," मी म्हटलं. त्याची मला चांगली माहिती होती.

"पण मोठ्या धक्क्याच्या आधी तीन-चार दिवस तो बदलतच नाही! पाणी जागच्या जागी थांबतं. मॅडम म्हणतात, तेव्हा खडक इतका आवळला जातो की त्याचं ताणणं-दबणं बंद पडतं, आणि मग एकदम तुटतो. सत्तावीस वर्षांत एकसष्ट मोठे धक्के आणि त्यातल्या त्रेचाळिसांच्या आधी पाणी थांबलेलं. जगात कुठंच असं सापडलेलं नाही. त्याला त्यांनी नाव काय दिलंय माहितेय? 'शेवंता-विराम'!"

मला हसू आलं. शेवंता-विराम! आमचे हे असते तर म्हणाले असते, ही बाई आणि विराम?

"आणि यंत्र काय म्हणतंय?" मी विचारलं. "ते बोअरमध्ये बसवलंय ना, रोज मोजतंय."

"ते बसल्यापासून मोठा धक्का एकच आला. तेव्हा पाणी थांबलं नव्हतं म्हणे. पण मॅडम म्हणाल्या, यंत्र बिघडलं असेल. आक्कांची वही चुकणार नाही."

खरं सांगते, मला बरं वाटलं. यंत्राला हरवलं आपण.

त्या नियमावर पंचवीसेक गावांत भोंगे बसवले होते. पाणी थांबलं की भोंगा वाजणार, भोंगा वाजला की घराबाहेर पडायचं. गुढीपाडव्याला उद्घाटन आणि माझा सत्कार. आणि सगळ्यात मोठं म्हणजे शाळा. आमच्या हायस्कुलाची दगडी इमारत तीन वर्षांपूर्वी तडकली, तेव्हापासून पोरं पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. मार्चमध्ये तिथं पापड भाजावेत. आता धक्क्याची आधीच खबर मिळणार म्हटल्यावर भिंतींना थोडं सिमेंट थापून पाडव्यानंतर पोरांना परत इमारतीत बसवायचं ठरलं होतं.

"पंखे आहेत आतमध्ये, आक्का," ईश्वरी म्हणाली. "तुमच्यामुळे."

बुधवारी ती परत आली. वह्यांची चित्रं घ्यायची होती. यंत्राचं काम झाल्यावर मॅडमनी वह्या मला आठवण म्हणून पाठवून दिल्या होत्या. मी गाठोडं सोडलं. पोरीनं एकेक पान असं उलटलं, जणू पोथीच आहे.

"अक्षर काय सुंदर आहे हो!"

"बाईंनी छड्या मारून मारून काढून घेतलंय ते."

मग ती थांबली. पान बघितलं, टॅब बघितला, परत पान बघितलं. "आक्का, हे 'व.प्र.' म्हणजे काय?"

"वरीलप्रमाणे. एवढं माहीत नाही? काय शिकवतात तुम्हाला?"

"आम्ही नाही लिहीत असं काही. टॅबवर बोट ओढलं की खाली तेच येतं." तिनं टॅब माझ्यापुढं धरला. "यंत्रानं इथं चारही दिवस सहा एक्केचाळीस असं दाखवलंय. तुमच्या पानावर पहिल्या दिवशी सहा एक्केचाळीस आहे आणि मग तीन दिवस व.प्र."

"अर्थ तोच ना."

"हो, अर्थ तोच." पण ती तेवढ्यावर सोडणारी पोर नाही. चार पानं मागं गेली. "मग इथं जानेवारीत? लागोपाठ दोन दिवस पाच अठ्ठ्याऐंशी आलंय, तिथं तुम्ही दोन्ही वेळा आकडा लिहिलाय. तिथं का नाही व.प्र.?"

मी गाठोड्याच्या फडक्याची घडी घालायला लागले.

"आणि इथं ऑगस्टमध्ये हे दोन दिवस कोरे. म्हणजे गेला नाहीत तेव्हा कोरं ठेवायचात. मोजून तेच आलं तर आकडा लिहायचात. मग व.प्र. कधी लिहायचात?"

"ईश्वरी," मी म्हटलं, "चहा संपव आणि घरी जा. मला कामं आहेत."

गेली बिचारी. कपात निम्मा चहा तसाच होता.

व.प्र. मी कधी लिहायचे? ते मला चांगलं ठाऊक होतं, फक्त सत्तावीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं. सड्यावर रोज जाणं व्हायचं नाही, पावसाळ्यात तर आठवडेच्या आठवडे, आणि मोठे धक्के बहुतेक तेव्हाच यायचे. कधी ताप, कधी भातलावणी, कधी सासूबाईंचं आजारपण, कधी नुसता जिवावर आलेला चढ. न गेलेला दिवस मी कोरा ठेवायचे, आणि कोऱ्या दिवसांबद्दल कुणी ब्र काढायचं नाही. वही वर्षातून एकदा जायची, कपाटात पडायची. पण मोठा धक्का बसला की मात्र दुसऱ्याच दिवशी खात्याच्या साहेबांची जीप यायची आणि साहेबांचा प्रश्न ठरलेला असायचा, "धक्क्याच्या आधीचे आकडे दाखवा." फक्त तेवढेच. एकदा तिथं कोरी जागा दिसली तर चार माणसांत असं झापलं मला, की मी पदर डोळ्याला लावूनच घरी आले. तेव्हापासून धक्का बसला की मी आधी वही काढायचे. आधीचे तीन-चार दिवस कोरे असले की शेवटच्या आकड्याखाली भराभर लिहून टाकायचे, व.प्र., व.प्र., व.प्र. जीप येण्याआधी.

म्हणजे धक्क्याआधीच्याच कोऱ्या जागा भरल्या जायच्या, बाकीच्या तशाच राहायच्या. आणि यंत्राला काय दिसलं? धक्का येणार असला की पाणी थांबतं.

मी खाली बसले आणि सगळ्या वह्या पसरल्या. दुपारभर एकेक धक्का शोधत होते. कधी मोजलं आणि कधी नाही हे मला पान बघूनच कळत होतं. मोजून आलेल्या दिवशी हाताला खडू लागलेला असायचा, त्यामुळे पानाच्या कडेला पांढरट बोटं उमटलेली होती. व.प्र.च्या ओळींजवळ कागद स्वच्छ. ती पांढरी बोटं यंत्रानं डाग समजून पुसून टाकली होती. त्रेचाळीस धक्क्यांपैकी एकोणचाळीस वेळा कागद स्वच्छ निघाला.

तेवढ्यात सुहासचा फोन. माझा मुलगा, पुण्याला असतो. वर्षातून दोनदा येतो आणि दोन्ही वेळा घाईत. आता पाडव्याला बायको-पोरांसकट चार दिवस येणार होता.

"आई, ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलं. आईच्या नावाचा नियम आहे म्हणून! साडी कुठली नेसणारेस?"

मी त्याला सगळं सांगून टाकलं. ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "आई, सगळेच असं करायचे तेव्हा. आणि एवढ्या मोठ्या यंत्रानं तपासलंय ना? तुला त्यातलं काय कळतं? चार माणसं नाव घ्यायला लागलीत तर ते बघवत नाही तुला?"

"शाळा आहे रे तिथं."

"शाळेचं शाळावाले बघतील." आणि ठेवला फोन. मला फार वाईट वाटलं. रागही आला, आणि सगळ्यात जास्त राग याचा आला की मला त्याचं पटावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या बाजूनं गेले. तसं काही काम नव्हतं. पोरं शेडमधून बाकडी उचलून दगडी इमारतीत नेत होती, गाणी म्हणत. गुरव सरांनी मला बघितलं आणि ओरडले, "बघा आक्का, तुमची कृपा!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीतल्या भेगेवर ओलं सिमेंट थापलेलं होतं. त्याच भिंतीखाली दोन लहान मुली बाकड्याच्या दोन टोकांना धरून, दमून उभ्या होत्या. मी ईश्वरीला हाक मारली.

"कॅमेरा आहे का जवळ?"

"कॉलरलाच असतो."

"चालू कर."

शाळेमागच्या करंजाखाली उभी राहून मी सगळं बोलले. जीप, साहेब, कोऱ्या जागा, सगळं. बोलताना एकदा रडले, ते तसंच राहू दे म्हटलं. ईश्वरीचा चेहरा आधी नुसता गोंधळलेला होता. मग पडला.

"पण आक्का... माझी फिल्म! परवा शेवटची तारीख आहे. तुमचं काम मोठं म्हणून मी तुम्हाला..." तिला रडू फुटलं. "आता कामगिरीच्या रकान्यात काय लिहू मी? तुम्ही खोटं लिहिलंत असं?"

"हो. तेच लिही."

ती पाठ फिरवून उभी राहिली. मला वाटलं, आता जाईल आणि गावभर सांगेल. जाऊ दे, म्हटलं, तेही बरंच होईल. पण दोन मिनिटांनी वळली. डोळे पुसले नव्हते आणि तोंडावर पुन्हा तेच, डबे उघडून बघायचं.

"मग त्या दिवसांत पाणी खरं काय करत होतं?"

"काय माहीत! मी गेलेच नव्हते ना."

"नाही, म्हणजे ज्या धक्क्यांच्या आधी तुम्ही गेला होतात, त्यात? ते तर खरे आकडे आहेत. ते यंत्रानं वेगळे काढून बघितलेच नाहीत!"

कपाळ माझं. मी बुडत होते आणि ही पोरगी पाण्याची खोली विचारत होती. पण प्रश्न बरोबर होता. आम्ही तिथूनच ढमढेरे मॅडमना फोन लावला.

"मॅडम," मी म्हटलं, "पाणी थांबलं नव्हतं. मी थांबले होते."

त्यांना आधी पटेना. त्रेचाळीस वेळा योगायोग होत नसतो, म्हणाल्या. योगायोग नव्हेच, मी म्हटलं, जीप होती ती. मग मी जीपचं सांगितलं.

"खोटे दिवस कुठले, हे आज तुम्हाला सांगता येईल?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी खडूचं सांगितलं.

"आम्ही ते डाग साफ केले," मॅडम म्हणाल्या. "मूळ पान मी एकदाही बघितलं नाही, आक्का. एकदाही नाही. आणि बोअरमधलं यंत्र खरं सांगत होतं, तर त्यालाच बिघडलेलं ठरवलं." मग म्हणाल्या, "वह्या पाठवू नका. मीच येते."

शनिवारी आल्या. माझ्या पडवीत चटईवर बसून आम्ही तिघींनी वह्या लावल्या. मी पानावर बोट ठेवायचे, ईश्वरी 'खरा' किंवा 'खोटा' टिपायची, मॅडम भिंगातून खडू बघायच्या. मधे ईश्वरीनं त्यांना बारा प्रश्न विचारले. मॅडमनी अकरांची उत्तरं दिली आणि बाराव्याला म्हणाल्या, "हे मलाही माहीत नाही." पोरगी त्यावरच जास्त खूश झाली. खोटे दिवस वगळून मॅडमनी तिथंच सगळं गणित पुन्हा करायला लावलं. पाच मिनिटं लागली. शेवंता-विराम नाहीसा झाला.

पाडव्याचा कार्यक्रम रद्द झाला. मॅडमनी स्वतःच्या सहीनं कळवलं की नियम मागे घेतला आहे आणि चूक त्यांची आहे. तरी गावानं मलाच धरलं. बाकडी शेडमध्ये परत आली तेव्हा पोरं गाणी म्हणत नव्हती. एक बाई मला नळावर म्हणाली, "एवढी वर्षं गप्प होतीस, अजून थोडी राहिली असतीस." तिचा मुलगा सातवीत आहे, शेडमध्ये घामानं भिजतो. मी तिला म्हटलं, "घामानं भिजला तर भिजू दे, घरी तर येतोय." ती अजून बोलत नाही माझ्याशी. सुहास आला नाही. मेसेज आला, 'रजा मिळाली नाही.' मी 'बरं' असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

फिल्म ईश्वरीनं तशीच पाठवली, रडण्यासकट. स्पर्धावाल्यांनी परत केली. सोबत एक ओळ होती, 'व्यक्तीची वैज्ञानिक कामगिरी सिद्ध होत नाही.' मी म्हटलं, बरोबरच आहे त्यांचं. ईश्वरी मात्र तणतणत होती. "एकोणचाळीस चुका शोधायला ते वहीवाचक आलं होतं का?" मग तिनं फिल्म शाळेच्या नेटवरच्या पानावर टाकली. किती जणांनी बघितली ते मी विचारत नाही.

मॅडमचा फोन जूनमध्ये आला. खऱ्या आकड्यांत काहीतरी आहे असं त्यांना वाटतं. धक्क्याआधी पाणी थांबत नाही, पण त्याचं रोजचं वरखाली होणं किंचित उशिरानं होतं की काय अशी शंका आहे. "शंका आहे, आक्का. नियम नाही," असं तीनदा बजावलं. त्यासाठी बोअरमधल्या यंत्राशेजारी माणसाच्या हातचं माप वर्षभर हवंय, एकमेकांना ताडून बघायला. यंत्राचं मापही हळूहळू सरकतं म्हणे. मी म्हटलं, मॅडम, मी बहात्तर वर्षांची. ईश्वरी माझ्या कानाला कान लावून ऐकत होती. "मी जाईन!" म्हणाली. "आक्का फक्त शिकवतील."

शिकवायचं म्हणजे चढायचं आलंच. आठवड्यातून पाच दिवस ती एकटी जाते, दोन दिवस मी काठी घेऊन सोबत. तिची टेप अजून वाकडी सुटते आणि खडू ती कोपरापर्यंत फासून घेते, पण वजाबाकी माझ्यापेक्षा चांगली. रोज वर पोचली की आधी अंदाज सांगते, आज इतकं असेल, आणि चुकली की जास्त आनंदते.

काल आम्ही गेलो नाही. तिच्या मावशीकडे बारसं होतं आणि माझा गुडघा सुजला होता. आज वर पोचलो, माप घेतलं, तिनं आकडा लिहिला आणि पेन वरच्या ओळीवर नेऊन थांबली.

"कालच्या रकान्यात काय लिहू?"

"काही नाही."

"सोमवारी ढमढेरे मॅडम येणारेत वही बघायला. पहिल्याच महिन्यात कोरी जागा दिसणार. परवाचा आकडा आणि आजचा जवळजवळ सारखाच आहे, मधला काय असेल ते कुणीही सांगेल."

"सांगू दे."

तिनं पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. पोरगी मनानं चांगली, वही नीटनेटकी ठेवणारी. त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिली.

"कोरं बघवत नाही हो, आक्का."

"मलाही बघवत नव्हतं," मी म्हटलं. "राहू दे तसंच."